पैसे खात्यातून गेले, पोर्टलवर बिल तसंच दिसतंय: पुन्हा भरू का?

ताई, आधी थेट उत्तर देतो: आज रात्री पुन्हा पैसे भरू नका. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. वडील ६७ वर्षांचे, खुब्याचं हाड मोडलं म्हणून कोल्हापुरात एका खासगी हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. तुम्ही पुण्याला, आई एकटी त्यांच्याजवळ. हॉस्पिटलनं पोर्टलची लिंक पाठवली, त्यावरून काल रात्री तुम्ही यूपीआयनं ८५,००० रुपये भरले. खात्यातून रक्कम गेली, पोर्टलवर मात्र 'पेमेंट फेल्ड' आलं आणि बाकी होती तेवढीच राहिली. काउंटरवर आईला सांगितलं, "मुलीला परत भरायला सांगा, आधीचे आपोआप माघारी येतील." परवा डिस्चार्ज आहे. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की या पोर्टलच्या नादी लागावं की कुणाच्या तरी हाती रोख पाठवून मोकळं व्हावं.

मी कोल्हापुरात हॉस्पिटलच्या बिलिंगमध्ये १९ वर्षं काढली. सुरुवात रात्रपाळीच्या कॅश काउंटरवर झाली, आता बिलिंग आणि टीपीए (विम्याच्या क्लेमचं काम) असे दोन्ही विभाग बघतो. त्यामुळे तुमच्या आईला 'परत भरा' म्हणणारा माणूस कुठल्या घाईत असतो तेही मला माहीत आहे. तो वाईट नसतो. त्याच्या स्क्रीनवर बाकी लाल अक्षरात दिसत असते, आईच्या मागे आणखी सहा माणसं उभी असतात, आणि बाकी शून्य झाल्याशिवाय त्याला गेटपास काढता येत नाही. पण त्याच्या घाईपायी तुमचे ८५,००० दोनदा जाऊ नयेत.

तुम्हाला वाटतंय की पैसे पोचले की नाहीत एवढाच प्रश्न आहे. माझ्या अनुभवात पैसे बहुतेक वेळा कुठेतरी सुखरूप असतात. ते कुठे आहेत आणि कुणाच्या नावावर चढलेत हे हॉस्पिटलातल्या कुणीच उघडून बघितलेलं नसतं, खरी अडचण ती.

पोर्टलवर 'पे नाऊ' दाबलं की पैसे सरळ हॉस्पिटलच्या खात्यात पडत नाहीत. तुमच्या बँकेतून ते पेमेंट गेटवे चालवणाऱ्या कंपनीकडे जातात. ती कंपनी दिवसभराची रक्कम गोळा करून पुढच्या कामाच्या दिवशी, कधी त्याच्याही नंतर, हॉस्पिटलच्या खात्यात टाकते. पैसे आले हे पोर्टलला कळतं ते गेटवेकडून येणाऱ्या निरोपावरून. म्हणजे पैसे एका वाटेनं जातात आणि निरोप दुसऱ्या वाटेनं. तुमचं नेट मध्येच गेलं, चक्र फिरत राहिलं म्हणून तुम्ही बॅक दाबलं, बँकेचा सर्व्हर दोन मिनिटं अडखळला, की निरोप वेळेत येत नाही आणि पोर्टल 'फेल्ड' लिहून मोकळं होतं. पैशाचं काय झालं हे त्याला ठाऊकच नसतं.

म्हणून पोर्टल बाजूला ठेवा आणि तुमच्या यूपीआय ॲपमध्ये तो व्यवहार उघडा. तिथे काय लिहिलंय त्यावर पुढचं ठरतं.

तिथे 'सक्सेस' असेल तर पैसे हॉस्पिटलच्या बाजूला पोचलेत. अशा वेळी 'आपोआप माघारी येतील' हे काउंटरचं म्हणणं बहुधा चुकीचं ठरतं. दुसऱ्या दिवशी गेटवेच्या यादीत ते दिसतात आणि बिलिंगवाल्यानं ते तुमच्या वडिलांच्या नावावर चढवायचे असतात. काही ठिकाणी गेटवे असा अर्धवट व्यवहार स्वतःच रद्द करून रक्कम परत पाठवतो. हॉस्पिटलनं कुठली व्यवस्था घेतली आहे ते बाहेरून सांगता येत नाही, विचारावंच लागतं. 'पेंडिंग' असेल तर काहीही करू नका, फक्त थांबा. आणि ॲपमध्येही 'फेल्ड' असून खात्यातून रक्कम वजा झाली असेल, तर ती तुमच्याच खात्यात परत यायची आहे.

त्याला मुदत आहे. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१९ मध्ये ती ठरवून दिली. यूपीआयनं एखाद्या दुकानाला किंवा संस्थेला पैसे दिले, खात्यातून गेले, पण समोरच्याकडे ते झाल्याचं पोचलं नाही, तर व्यवहाराचा दिवस सोडून पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी. हे दिवस कॅलेंडरचे, मधला रविवार धरून. त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि ती ग्राहकानं न मागता द्यायची. कार्डानं ऑनलाइन भरले असते तरी मुदत हीच. पाच दिवस उलटले तर ॲपमध्ये त्याच व्यवहारावर जाऊन तक्रार नोंदवा, मग बँकेत लेखी द्या. बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तिथवर जायची वेळ माझ्या बघण्यात फार थोड्यांवर आली.

आता त्या व्यवहारात खाली एक १२ आकडी नंबर असेल. कुणी त्याला यूटीआर म्हणतं, कुणी आरआरएन. तो तुमच्या पैशाचा सातबारा समजा. लोक आमच्याकडे स्क्रीनशॉट घेऊन येतात. त्यात हिरवी टिक असते, रक्कम असते, आणि नेमका नंबर कापला गेलेला असतो. नुसता स्क्रीनशॉट आम्ही धरत नाही, कारण खोटे स्क्रीनशॉट बनवून देणारी ॲप निघालीत. खोटा नंबर मात्र टिकत नाही. तो टाकला की गेटवेच्या यादीत व्यवहार सापडतो किंवा सापडत नाही, एवढंच. तो नंबर आईला फोनवर सांगू नका. बारा आकडे ऐकून लिहिताना एक तरी इकडचा तिकडे होतो. मेसेजनं पाठवा आणि तोच मेसेज काउंटरवर दाखवायला सांगा.

काउंटरवर 'मुलीनं पैसे भरलेत हो' असं म्हणून उपयोग नाही, ते दिवसातून पन्नास जण म्हणतात. "गेटवेच्या डॅशबोर्डवर हा यूटीआर बघा" असं म्हणायला सांगा. डॅशबोर्ड म्हणजे गेटवेकडे आलेले सगळे व्यवहार दिसतात ती स्क्रीन. शक्यता अशी आहे की काउंटरवरच्या पोराकडे तिचं लॉगिनच नसेल. ते अकाउंट्सकडे असतं, आणि अकाउंट्स सकाळी दहाच्या सुमाराला उघडतं. रात्रीचं उत्तर 'परत भरा' असंच येतं त्याचं कारण हे. सकाळी तोच प्रश्न योग्य टेबलावर नेला की दहा मिनिटांत सुटतो.

हे मी इतक्या ठामपणे सांगतोय, कारण एकदा मीच चूक केली आहे. तेव्हा मी दुसऱ्या एका हॉस्पिटलात होतो. काउंटर तळमजल्याच्याही खाली, रेंज येत नसे. राधानगरीकडचे एक शेतकरी होते, बायकोचं पोटाचं ऑपरेशन झालेलं. उसाचं बिल खात्यावर आलं होतं, त्यातून त्यांच्या भाच्यानं रात्री दहाच्या पुढे ६०,००० भरले. रेंजसाठी तो पोरगा जिना चढून गेटपर्यंत जायचा, पिन टाकायचा, आणि पावती दाखवायला खाली पळत यायचा. तेवढ्यात नेट तुटायचं. पोर्टलवर 'फेल्ड' आलं. मी म्हणालो, परत भरा, आधीचे येतील. त्यांनी विचारलं, "आन न्हाई आलं तर?" मी म्हणालो, येतातच. खात्यात तेवढे उरले नव्हते. त्यांनी ज्याच्या जीपमधून पेशंट आणला होता त्याच्याकडून उसने घेऊन ६०,००० पुन्हा भरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी यादी आली. दोन्ही वेळचे ६०,००० हॉस्पिटलला मिळालेले होते. परत द्यायचे तर अर्ज, दोन सह्या, मग गेटवेची प्रक्रिया. नऊ दिवस लागले. चौथ्या दिवशी ते काउंटरवर आले होते. लागणीच्या मजुरांचे पैसे द्यायचे राहिले होते, जीपवाला रोज विचारत होता. रागावले नाहीत. खिशातून घडी घातलेल्या दोन्ही पावत्या काढल्या, काउंटरवर एकीखाली एक मांडल्या आणि बोट ठेवून एवढंच म्हणाले, "हे एकच बिल हाय न्हवं?" मला उत्तर देता आलं नाही.

त्यानंतर माझ्या हाताखाली जिथे जिथे काउंटर आला तिथे मी नियम केला. यूटीआर समोर असेल तर दुसऱ्यांदा पैसे मागायचे नाहीत. डिस्चार्ज अडला असेल तर नातेवाइकाकडून साध्या कागदावर लिहून घ्यायचं: अमुक यूटीआरनं अमुक रक्कम भरली आहे, ती हॉस्पिटलला मिळाली नाही असं निघालं तर इतक्या दिवसांत भरेन. सही, फोन नंबर, आणि पेशंट घरी. आजवर असं लिहून दिलेल्यांपैकी कुणी आम्हाला बुडवलेलं नाही. तुमचं हॉस्पिटल हे मान्य करेलच असं मी सांगू शकत नाही, तो व्यवस्थापनाचा प्रश्न आहे. पण काउंटरवर न मागता बिलिंग मॅनेजरकडे किंवा प्रशासकाकडे मागा. लेखी द्यायची तयारी दाखवली की बरेच जण ऐकतात.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. तुम्ही ८५,००० हा आकडा कुठून घेतला? पोर्टलवर 'बाकी' म्हणून दिसत होता तिथूनच ना? तो चालू बिलाचा आकडा आहे. चालू बिल म्हणजे त्या क्षणापर्यंत संगणकात चढलेल्या नोंदींची बेरीज. डिस्चार्जच्या सकाळपर्यंत त्यात भर पडते आणि वजाबाकीही होते. फिजिओथेरपीच्या भेटी, भूलतज्ज्ञांची फी, बाहेरून आलेल्या तपासण्या या नोंदी उशिरा चढतात. उलट बाजूला, वॉर्डमध्ये उरलेलं सामान मेडिकलला परत जातं: न फोडलेली इंजेक्शनं, सलाइनच्या बाटल्या, ड्रेसिंगचं साहित्य. हाडाच्या ऑपरेशनमध्ये परतीचं हे बिल चांगलं दोन-चार हजारांचं निघतं. आईला वॉर्डच्या सिस्टरना आठवण करायला सांगा: "सिस्टर, औषधं रिटर्न झाली का?" ही आठवण कुणी केली नाही तर परतीचा कागद कधीकधी फायनल बिल निघाल्यावर खाली येतो.

म्हणून मी आमच्या पेशंटच्या घरच्यांना सांगतो, डिस्चार्जच्या आधी पोर्टलवरून चालू बिलाच्या ७०-८० टक्क्यांच्या वर भरू नका. राहिलेली रक्कम फायनल बिल हातात आल्यावर भरा. जास्तीचे भरले तर बुडत नाहीत, पण ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत जातात आणि त्याला दिवस लागतात. नोकरदाराला ते सोसतं. पण ज्यांनी पतसंस्थेतून काढलेत किंवा सोनं ठेवून आणलेत त्यांना रोजचं व्याज लागतं.

फायनल बिल आलं की पैसे भरण्याआधी सविस्तर बिल मागा, एका पानाचा गोषवारा पुरेसा नाही. खुब्यात बसवलेल्या प्लेट-स्क्रूचं किंवा सांध्याचं स्टिकर फाइलला लावलेलं असतं, त्यावरचं नाव आणि बिलातलं नाव एकच आहे का ते बघा. खोलीचे दिवस मोजा. अतिदक्षता विभाग सोडून इतर खोलीचं भाडं दिवसाला ५,००० रुपयांच्या वर असेल तर जुलै २०२२ पासून त्या भाड्यावर ५ टक्के जीएसटी लागतो, त्याखालच्या खोलीवर लागत नाही. एवढी एक ओळ लोकांना कळत नाही म्हणून सांगितली. आणि २०२१ पासून महाराष्ट्रातल्या खासगी रुग्णालयांना रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दिसेल असं लावणं बंधनकारक आहे. ते बहुधा रिसेप्शनजवळच असतं. आईला त्याचा फोटो काढून तुम्हाला पाठवायला सांगा, म्हणजे पुण्यात बसून ताळा करता येईल.

पैसे चुकीच्या जागी चढण्याचा आणखी एक प्रकार आमच्या भागात फार होतो. पोर्टलवर पेशंट सापडतो तो मोबाईल नंबरवरून किंवा यूएचआयडीवरून. यूएचआयडी हा पेशंटचा त्या हॉस्पिटलातला कायमचा नंबर, आणि आयपी नंबर हा या वेळच्या भरतीचा. तुमचे वडील पूर्वी तिथे ओपीडीला गेले असतील तर त्यांच्या नावावर जुनी खाती दिसतील. ओपीडीच्या खात्यात पैसे भरले गेले की ॲडमिट पेशंटच्या बिलात ते दिसत नाहीत, आणि बिलिंगवाला छातीठोकपणे सांगतो की काही आलेलं नाही. तो खरंच बोलत असतो, त्यानं दुसरं पान उघडलेलंच नसतं. एकाच आडनावाचे, एकाच नावाचे दोन पेशंट एकाच आठवड्यात भरती असणं हे इथे नवल नाही. एकीचे पैसे दुसरीच्या नावावर गेलेले मी स्वतः शोधून काढलेत.

आणि मोबाईल नंबर. रात्री अपरात्री पेशंट आणतात तेव्हा रिसेप्शनवर नंबर विचारला की जो शेजारी उभा असतो तो आपला सांगतो. कधी तो जीपवाला असतो, कधी गावचा सरपंच, कधी पुतण्या. मग पुढचे आठ दिवस ओटीपी त्याला जातात, बिलाचे मेसेज त्याला जातात, आणि मुलगी पुण्यात बसून लॉगिन का होत नाही म्हणून डोकं धरते. तुम्हाला लिंक मिळाली म्हणजे तुमचा नंबर कुठेतरी नोंदलेला दिसतो, पण मुख्य नंबर कुणाचा आहे ते विचारून घ्या. दुसऱ्याचा असेल तर एका फॉर्मवर आईची सही घेऊन बदलून देतात, त्याला पैसे पडत नाहीत.

वडिलांचा विमा आहे का ते तुम्ही लिहिलेलं नाही. असेल आणि कॅशलेस चालू असेल तर पोर्टलवर दिसणारी बाकी अजिबात मनावर घेऊ नका. विमा कंपनीची मंजुरी संगणकात चढेपर्यंत पोर्टल सगळी रक्कम तुमच्याच नावावर दाखवतं. मे २०२४ पासून विमा नियामकाचा नियम आहे की डिस्चार्जची विनंती गेल्यावर तीन तासांत अंतिम मंजुरी यायला हवी आणि उशीर झाला तर त्यामुळे वाढलेला हॉस्पिटलचा खर्च विमा कंपनीनं सोसायचा. तुमच्या वाट्याला येतात ते विम्यात न बसणारे ग्लोव्हज, रजिस्ट्रेशन वगैरे खर्च आणि पॉलिसीत असला तर तुमचा ठरलेला हिस्सा. तेवढेच भरा. कॅशलेस नसून नंतर क्लेम करणार असाल तर पोर्टलवरून डाउनलोड केलेली पावती आणि काउंटरची शिक्क्याची पावती, दोन्ही ठेवा. यूपीआयचा स्क्रीनशॉट विमा कंपनी पावती म्हणून घेत नाही.

विमा नसेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी झाली आहे का? आता ती राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. हॉस्पिटल योजनेत आहे का आणि हे ऑपरेशन यादीत बसतं का, यावर सगळं अवलंबून. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो, त्याला विचारा, नाहीतर १५५३८८ वर फोन करा. हे खरं म्हणजे भरती झाल्याच्या दिवशी विचारायचं असतं. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी फारसं हाती लागत नाही, तरी विचारून घ्या.

पोर्टल की रोख, या तुमच्या शेवटच्या प्रश्नावर माझं मत स्पष्ट आहे: ऑनलाइनच भरा. पैसे अडकले तरी त्यांचा माग लागतो. रोख घेऊन येणाऱ्या माणसाच्या खिशाला माग नसतो. शिवाय रोखीला कायद्याची मर्यादा आहे. एका उपचारासाठी २ लाख किंवा त्याहून जास्त रोख हॉस्पिटलला घेता येत नाही, तुकडे करून आणली तरी नाही, आणि घेतली तर तेवढाच दंड हॉस्पिटलला बसतो. म्हणून काउंटरवर तुमचे पैसे नाकारले तर तो उद्धटपणा समजू नका. तुमच्या बाजूनंही एक फायदा आहे. वडील साठीच्या पुढचे आहेत. त्यांचा आरोग्य विमा नसेल आणि तुम्ही जुन्या पद्धतीनं आयकर भरत असाल, तर त्यांच्या उपचारावर केलेल्या खर्चापैकी वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. पण रोखीनं केलेला खर्च त्यात धरत नाहीत.

यूपीआयची साधारण मर्यादा एका व्यवहाराला १ लाख. हॉस्पिटल आणि शिक्षणसंस्थांसाठी रिझर्व्ह बँकेनं डिसेंबर २०२३ मध्ये ती ५ लाख केली. प्रत्यक्षात हॉस्पिटलची नोंद त्या गटात झालेली हवी आणि तुमच्या बँकेनंही ती मर्यादा उघडलेली हवी. सहकारी बँकांच्या खात्यांवर ती बरीच कमी असलेली मी बघतो. नवीन फोन घेऊन यूपीआय चालू केलं असेल तर पहिले २४ तास मोठी रक्कम जातच नाही. म्हणून डिस्चार्जच्या सकाळी नवा फोन घेऊन उभं राहू नये. दोन लाखांच्या वर असेल तर मी सरळ हॉस्पिटलच्या खात्यावर आरटीजीएस करायला सांगतो. डिसेंबर २०२० पासून ते चोवीस तास चालतं. खाते क्रमांक मेसेजवरून न घेता काउंटरवरून कॅन्सल चेकचा फोटो मागवून घ्या, आणि तपशिलात आयपी नंबर टाका.

रोखीची सोय अगदीच तोडू नका, एवढं मात्र कोल्हापूरकर म्हणून सांगतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला, पुण्याची मुलं पुण्यात अडकली, इथे एटीएम रिकामी होती. घरबसल्या बिल भरण्याची गरज आम्हाला खऱ्या अर्थानं तेव्हा कळली, आणि वीज-नेट गेलं की ती सोयही थांबते हेही तेव्हाच कळलं. आईजवळ चार-पाच हजार रोख असू द्या. औषधं, जेवण, रिक्षा, डिस्चार्जच्या दिवशीची ॲम्ब्युलन्स यांना ते लागतात.

आता सगळ्यात काळजीची गोष्ट. तुमचं पेमेंट अडकलं आहे आणि पैसे परत यायचे आहेत. नेमक्या अशाच वेळी फोन येतो, "हॉस्पिटलच्या अकाउंट्समधून बोलतोय, तुमचा रिफंड मंजूर झालाय, हा कोड स्कॅन करा." बोलणाऱ्याला पेशंटचं नाव माहीत असतं, कधी रक्कमही. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, स्कॅन करावं लागत नाही. पिन मागितला की समजा, पैसे जाणार आहेत. दुसरा प्रकार असा की लोक इंटरनेटवर हॉस्पिटलचा नंबर शोधतात, मिळालेला नंबर भामट्याचा असतो, तो नोंदणीसाठी दहा रुपये भरायला लिंक पाठवतो किंवा एपीके फाइल (फोनमध्ये बाहेरचं ॲप बसवणारी) उतरवायला लावतो. ती फाइल फोनमध्ये गेली की ओटीपी त्याच्याकडे जातात. हॉस्पिटलचा नंबर केसपेपरवर छापलेला असतो, फक्त तोच लावा. काही घडलंच तर त्याच मिनिटाला १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी अडवायचे असतात, तिथे तासाचाही फरक पडतो.

तर उद्याचा क्रम असा ठेवा. सकाळी ॲपमध्ये व्यवहाराची स्थिती पुन्हा बघा, रात्रीत बदललेली असू शकते. यूटीआर, तारीख, वेळ, रक्कम, वडिलांचं नाव, यूएचआयडी आणि आयपी नंबर एका मेसेजमध्ये लिहून आईला पाठवा आणि तोच मजकूर हॉस्पिटलच्या ईमेलवरही टाका, म्हणजे लेखी राहील. दहानंतर आईला अकाउंट्समध्ये पाठवा, काउंटरवर नको. पैसे त्यांच्या यादीत असतील तर तिथल्या तिथे ॲडव्हान्समध्ये चढवून पावती घ्यायला सांगा. यादीत नसतील आणि तुमच्या ॲपमध्ये 'पेंडिंग' असेल तर लेखी हमीपत्राचं बोलणं उद्याच करून ठेवा, परवाच्या सकाळवर ढकलू नका. डिस्चार्जच्या सकाळी डॉक्टरांचा राउंड, औषधांची परती, फायनल बिल आणि ॲम्ब्युलन्स हे सगळं एकदम अंगावर येतं आणि तुमच्या आईला ते एकटीनं निभवायचं आहे.

आईला एक सांगून ठेवा. पावती हातात आली की वडिलांचं पूर्ण नाव आणि आयपी नंबर तिथेच उभं राहून वाचायचा, केसपेपरशी जुळवायचा, आणि जुळला की मगच काउंटर सोडायचा.